औषधाला दाद न देणारी पेशी : सूत्रे आणि भाष्य

तीव्र ल्युकेमियात केमोथेरपी पुष्कळदा सुरुवातीला चालते आणि पुढे चालेनाशी होते. असे का होते, याचे उत्तर एका शोधात मिळालेले नाही. पाऊणशे वर्षांत ते तुकड्यातुकड्यांनी जमत आले. ते तुकडे मी इथे सूत्रांत बांधले आहेत आणि प्रत्येक सूत्राखाली त्याचे भाष्य लिहिले आहे. सूत्र थोडक्यात बोलते, म्हणून ठाम वाटते. जिथे तो ठामपणा पुराव्याच्या पुढे जातो तिथे भाष्यात शंका घेतली आहे. दोन रोगांची नावे सतत येतील. लिम्फोसाइटच्या पूर्वज पेशींचा तो एएलएल, मुलांत जास्त दिसणारा. मायलॉइड पेशींचा तो एएमएल, वाढत्या वयात जास्त होणारा.

सूत्र १ : रोग दिसेनासा झाला म्हणजे संपला असे नाही.

जून १९४८मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. दहा मुलांत रोग मागे हटला. ल्युकेमियाच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. तरीही ही माघार तात्पुरती आहे, हे फार्बर यांनी लेखाच्या मथळ्यातच नोंदवले होते, आणि त्या प्रामाणिकपणाचे मला आजही मोल वाटते. औषध बनवले होते लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने. आंध्रातल्या भीमवरमचे सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. मुलांचा रोग पुढे उलटला.

का उलटला, याचा पहिला भाग निव्वळ हिशेबाचा आहे. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. अस्थिमज्जेत ब्लास्ट, म्हणजे अपक्व, पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या आणि रक्ताचे काउंट सावरले की रेमिशन आले असे म्हणतात. त्या घडीलाही हजार कोटींपर्यंत पेशी उरलेल्या असू शकतात. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम येथील हॉवर्ड स्किपर यांनी १९६०च्या दशकात उंदरांच्या ल्युकेमियावर दाखवले, की औषधाचा एक डोस ठरावीक संख्येच्या पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. हजारातल्या ९९९ मेल्या तरी एक उरते, आणि पुढच्या डोसला पुन्हा तेच प्रमाण. त्यांच्या उंदरांत एकच जिवंत पेशी प्राण घ्यायला पुरेशी होती.

म्हणून आता रेमिशनवर थांबत नाहीत. फ्लो सायटोमेट्रीने किंवा जनुकीय तपासणीने दहा हजारांत एक उरलेली पेशीही शोधता येते. एएलएलच्या पहिल्या टप्प्याअखेरीस हे प्रमाण ०.०१ टक्क्याच्या वर आहे की खाली, यावर पुढचे उपचार किती कडक करायचे ते ठरते.

स्किपर यांच्या हिशेबात मात्र एक गृहीत होते : सगळ्या पेशी औषधाला सारखीच दाद देतात.

सूत्र २ : टिकणारी पेशी बहुधा औषधाच्या आधीपासूनची असते.

‘पेशी केमोला सरावल्या’ असे नातेवाईक म्हणतात, डॉक्टरही बोलण्याच्या ओघात म्हणून जातात. पेशी सरावत नाही. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्यूक यांनी १९४३मध्ये जिवाणूंवर सिद्ध केले, की विषाणूला न जुमानणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडण्याआधीच, आपोआप झालेल्या उत्परिवर्तनांतून जन्मलेले असतात. लॉइड लॉ यांनी १९५२मध्ये हीच कसोटी उंदराच्या ल्युकेमिया पेशींना लावली. औषध होते अमेथोप्टेरिन, म्हणजे आजचे मेथोट्रेक्सेट. उत्तर तेच आले. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला हे फोड करून सांगायला नको : बीटी कपाशीने गुलाबी बोंडअळीला विष पचवायला शिकवले नाही, ज्या मोजक्या अळ्यांना ते मुळातच बाधत नव्हते त्यांचीच पिलावळ शेतात उरली.

रुग्णांतला पुरावा जनुकसंचाची बारकाईने तपासणी शक्य झाल्यावर मिळाला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील चार्ल्स मलिगन आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये एएलएल झालेल्या मुलांचे निदानाच्या वेळचे आणि रोग उलटल्यावरचे नमुने शेजारी ठेवून पाहिले. उलटलेला रोग बहुतेक वेळा मूळ रोगाची हुबेहूब नक्कल नव्हता. अनेकदा दोघांचा पूर्वज एक निघाला आणि शाखा वेगळ्या. पुष्कळ मुलांत ती दुसरी शाखा निदानाच्या नमुन्यातही सापडली, मात्र अगदी तुरळक. एएमएलमध्ये २०१२साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आठ रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचांचे वाचन झाले. तिथे दोन वाटा दिसल्या. काहींत मुख्य वंशानेच नवी उत्परिवर्तने मिळवली, काहींत एखादा उपवंश केमोतून वाचला आणि पसरला. त्याच विद्यापीठाने २०१५मध्ये दुसऱ्या कर्करोगावरच्या केमोनंतर झालेल्या एएमएलचे रुग्ण घेतले. त्यांच्यातल्या काहींचे केमोच्या आधीचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. पाचव्या सूत्रात भेटणाऱ्या टीपी५३ जनुकातले उत्परिवर्तन तिथेही अत्यल्प प्रमाणात आधीच हजर होते.

यातूनच अनेक औषधे एकदम देण्याचे गणित निघते. एका औषधाला न जुमानणारी पेशी दहा लाखांत एक आणि दुसऱ्याला न जुमानणारी दहा लाखांत एक असे धरले, तर दोन्हींना न जुमानणारी लाख कोटींत एक. आणि अंगातल्या पेशीही लाख कोटीच. दोन औषधे कडेलोटापर्यंतच नेतात, पुढे तिसरे आणि चौथे हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन एकत्र दिले, तेव्हा ते क्षयरोगावरच्या एकत्रित उपचारांच्या वाटेने गेले होते. या गणिताचा पाया एवढाच, की एका औषधातून सुटण्याचा दुसऱ्यातून सुटण्याशी संबंध नसावा. हा पाया कुठे खचतो ते चौथ्या आणि पाचव्या सूत्रात येईल.

आता शंका. सूत्रात ‘बहुधा’ का? कारण औषध फक्त निवड करते असे म्हणणेही अपुरे आहे. शांघाय आणि मेम्फिसच्या संशोधकांनी २०२०मध्ये एएलएल उलटलेल्या १०३ मुलांच्या नमुन्यांत उत्परिवर्तनांचा एक खास ठसा दाखवला. तो मर्कॅप्टोप्युरिनसारख्या थायोप्युरिन औषधांनी डीएनएवर उमटवलेला होता, आणि रोधाला, म्हणजे औषधाला न जुमानण्याला, कारण ठरलेली काही उत्परिवर्तने त्याच ठशातली होती. फार लवकर उलटलेल्या रोगात आधीचीच पेशी टिकलेली दिसते; उशिरा उलटणाऱ्या रोगात काही वेळा उपचारानेच नवे उत्परिवर्तन घडवलेले असते. म्हणजे सूत्र मोडत नाही, पण त्याला मर्यादा पडते, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांबद्दल ही मर्यादा गंभीर आहे.

सूत्र ३ : औषध आत शिरावे, आत जागे व्हावे, आणि जागे राहावे, तिन्ही ठिकाणी वाट अडते.

ल्युकेमियातली अनेक औषधे बाटलीत असतात तेव्हा निष्क्रिय असतात. पेशीत गेल्यावर तिच्याच विकरांनी त्यांना धार येते. त्यामुळे पेशीला औषधाशी झुंजावे लागत नाही. धार लावणारा विकर बंद पडला तरी तिचे काम होते.

मेथोट्रेक्सेट घ्या. ते पेशीच्या आवरणातल्या फोलेट-वाहक प्रथिनातून आत येते. या वाहकाचे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. एएलएलच्या एका प्रकारात ब्लास्ट पेशींत गुणसूत्रे ५०हून अधिक असतात आणि २१व्याच्या जादा प्रती असतात. त्या पेशी मेथोट्रेक्सेट भरपूर ओढून घेतात. या मुलांचे निकाल चांगले येण्यामागे हेही एक कारण मानले जाते. आत आल्यावर एफपीजीएस नावाचा विकर औषधाला ग्लुटामेटची शेपटी जोडत जातो. शेपटी लांबली की औषध बाहेर निसटत नाही आणि तासन् तास काम करत राहते. टी-पेशींच्या एएलएलमध्ये ही जोडणी कमी होते, म्हणून तिथे मेथोट्रेक्सेटचे डोस अधिक चढवावे लागतात. शेवटची अडचण लक्ष्यापाशीच. औषध ज्या विकराला बांधून ठेवते तो डायहायड्रोफोलेट रिडक्टेज पेशीने बेसुमार बनवला तर औषध पुरत नाही. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट शिम्के यांच्या गटाने १९७८मध्ये उंदराच्या पेशींत दाखवले, की पेशी त्या जनुकाच्याच प्रतींवर प्रती काढते. सस्तन प्राण्याची पेशी जनुकांची संख्या अशी वाढवू शकते, हे तेव्हा धक्कादायक होते.

एएमएलमधले मुख्य औषध सायटाराबिन. १९७३पासून सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन हा प्रघात पडला आणि मूळ सांगाडा अजून तोच आहे. सायटाराबिन ईएनटी१ या वाहकातून आत येते, डीऑक्सिसायटिडिन कायनेज त्याला पहिला फॉस्फेट जोडतो, पुढे दोन जोडले जातात, आणि तीन फॉस्फेटांचे ते रूप डीएनएच्या नकलेत घुसून ती थांबवते. वाहक कमी असेल तर औषध आत येत नाही. कायनेज गेला तर धार येत नाही. सायटिडिन डीअमिनेज जास्त असेल तर ते आधीच बाद होते.

या साखळीचे शेवटचे टोक कित्येक दशके कोणी नीट पाहिले नव्हते. तीन फॉस्फेटांचे तयार औषध पुन्हा मोडणारा कोणी पेशीत असेल तर? २०१७मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तो दाखवला : एसएएमएचडी१. एचआयव्हीचे अभ्यासक त्याला आधीपासून ओळखत होते. हे प्रथिन मायलॉइड पेशींत डीएनएचे सुटे घटक कमी करून विषाणूची नक्कल रोखते. विषाणूविरुद्ध उपयोगी पडणारा हा पहारा सायटाराबिनलाही त्याच पद्धतीने मोडून टाकतो. एचआयव्ही-२ आणि माकडांमधल्या त्याच्या नातेवाईक विषाणूंकडे या पहारेकऱ्याला संपवणारे व्हीपीएक्स नावाचे प्रथिन असते. संशोधकांनी तेच ल्युकेमिया पेशींत सोडले, आणि पेशी सायटाराबिनला अधिक दाद देऊ लागल्या. एका रोगाच्या विषाणूकडून दुसऱ्या रोगाच्या औषधाचे कोडे सुटावे, अशी उदाहरणे वैद्यकात विरळ आहेत, आणि हे मला त्यांतले सर्वांत सुंदर वाटते.

यातून एक व्यावहारिक गोष्टही उमगते. सायटाराबिनचे मोठे डोस का चालतात? रक्तात औषध पुष्कळ झाले की ते वाहकाची वाट न पाहता थेट आवरणातून पाझरते. पहिली अडचण अशी टळते. कायनेजच नसेल तर मात्र डोस कितीही वाढवून उपयोग नाही. फक्त रुग्णाचे हाल वाढतात.

सूत्र ४ : आत आलेले बाहेर फेकता येते, पण पंपाची कथा तिच्या कीर्तीपेक्षा लहान आहे.

टोरांटोत रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी १९७६मध्ये हॅमस्टरच्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन शोधले. ते ऊर्जा खर्चून डॉनोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड अशी बांधणीने अगदी वेगळी औषधे बाहेर टाकते. दुसऱ्या सूत्रातले गुणाकाराचे गणित इथे खचते. एकच बदल अनेक औषधांपासून सोडवत असेल तर लाख कोटींचा हिशेब दहा लाखांवर उतरतो.

पंप अडवणारी औषधे दिली की प्रश्न मिटेल अशी आशा तेव्हा होती. सायक्लोस्पोरिनच्या एका चाचणीत फायदा दिसला. व्हालस्पोडारने पंपासोबत केमोच्या औषधांचा शरीरातून होणारा निचराही रोखला, विषबाधा वाढली, केमोचे डोस कमी करावे लागले. साठीपुढच्या एएमएल रुग्णांत झोसुक्विडारने आयुष्य वाढले नाही. तो निकाल २०१०मध्ये आला. कारणे दोन दिसतात. हाच पंप आतड्यात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आणि निरोगी मूलपेशींतही आपले रोजचे काम करत असतो. आणि सायटाराबिन त्या पंपाच्या वाटेला जातच नाही. पंप खरा आहे. वयस्कर रुग्णांच्या एएमएलमध्ये तो अधिक आढळतो आणि वाईट निकालांशी त्याची सांगडही आहे. पण तो एकटा दोषी असता तर या चाचण्या यशस्वी झाल्या असत्या.

सूत्र ५ : घाव बसूनही न मरणे, हा रोधाचा निराळा प्रकार आहे.

वरची सगळी सूत्रे औषध लक्ष्यापर्यंत पोचण्याबद्दल होती. आता धरा, ते पोचले, डीएनए तुटला. पेशी मरतेच असे नाही. केमो बहुतेक वेळा पेशीला थेट ठार करत नाही. पेशी आपले नुकसान ओळखते आणि स्वतःला संपवते. नुकसान ओळखून तो निकाल देणाऱ्यांत पी५३ हे प्रथिन मुख्य. त्याचे जनुक, टीपी५३, एएमएलच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत बिघडलेले असते. त्या पेशी तुटका डीएनए घेऊनही वाढत राहतात. इथेही गुणाकार खचतो, कारण डीएनए तोडणारी सगळी औषधे याच एका निकालावर अवलंबून असतात. एएमएलमधला सर्वांत वाईट गट आजही हाच आहे.

निकालाची अंमलबजावणी बीसीएल-२ कुळातली प्रथिने करतात. काही वाचवतात, काही मारतात, आणि त्यांच्या तोलावर पेशीचे मरण ठरते. व्हेनेटोक्लॅक्स वाचवणाऱ्या बीसीएल-२ला अडवते. अझासिटिडिनसोबत ते दिल्याने, कडक केमो न झेपणाऱ्या वृद्धांचे आयुष्य वाढते, हे २०२०मध्ये मोठ्या चाचणीने दाखवले. रोधही लगेच समजू लागला. मोनोसाइटच्या वळणाच्या एएमएल पेशी बीसीएल-२ऐवजी त्याच कुळातल्या एमसीएल-१वर विसंबतात, आणि कधी मारणाऱ्या बाजूचे बीएएक्स प्रथिनच उत्परिवर्तनाने नाहीसे होते.

एएलएलमध्ये याच सूत्राखाली स्टेरॉइड येते. जर्मन बीएफएम गटाने घालून दिलेली साधी कसोटी अजून वापरात आहे : सात दिवस प्रेडनिसोन आणि पाठीतून मेथोट्रेक्सेटचे एक इंजेक्शन द्यायचे, आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट मोजायच्या. मायक्रोलिटरला हजार किंवा अधिक उरल्या तर प्रतिसाद वाईट. महागड्या यंत्राशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली होणारी ही चाचणी आहे. तिच्यामागच्या कारणांपैकी एक २०११मध्ये पुढे आले. उलटलेल्या एएलएलमध्ये सीआरईबीबीपी जनुकाची उत्परिवर्तने वारंवार सापडतात, आणि स्टेरॉइडला प्रतिसाद देणारी जनुके उघडण्याच्या कामात हे प्रथिन लागते.

सूत्र ६ : मज्जा पेशीची पाठराखण करते.

अस्पॅराजिनेज या औषधाची युक्ती अशी : ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टना अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनवता येत नाही, म्हणून रक्तातले अस्पॅराजिन मोडून त्यांची उपासमार करायची. सेंट ज्यूडमध्ये दारिओ काम्पाना यांच्या गटाने २००७मध्ये दाखवले, की मज्जेतल्या आधारपेशी स्वतः अस्पॅराजिन बनवून शेजारच्या ब्लास्टना पुरवतात. रक्तात दुष्काळ आणि मज्जेत रसद. अशी ब्लास्ट जनुकांच्या दृष्टीने बदललेली नसते. तिला मज्जेतून काढून प्रयोगशाळेतल्या बशीत ठेवले तर ती मरते. बशीत औषधे तपासून रुग्णासाठी निवडण्याच्या पद्धती का फसतात, याचे एक कारण यात आहे.

दुसरी पाठराखण झोपेची. केमोची बरीच औषधे विभाजन करणाऱ्या पेशींनाच लागतात. टोरांटोचे जॉन डिक यांनी १९९०च्या दशकात दाखवले, की एएमएल उंदरात रुजवण्याची ताकद मोजक्या पेशींतच असते. जपानमध्ये फुमिहिको इशिकावा यांच्या गटाला २००७मध्ये अशा पेशी हाडाच्या आतल्या कडेशी, विभाजन थांबवून बसलेल्या आणि सायटाराबिनमधून वाचलेल्या दिसल्या. यावरून ‘झोपलेली मूलपेशी वाचते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात गेले.

पण शंका इथेही घ्यावी लागते. फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने २०१७मध्ये मानवी एएमएल रुजवलेल्या उंदरांना सायटाराबिन दिले. वाचलेल्या पेशींत झोपलेल्या मूलपेशींचे प्रमाण वाढलेले नव्हते. वाचल्या होत्या त्या मायटोकॉन्ड्रियांतून भरपूर ऊर्जा काढणाऱ्या, मेद जाळणाऱ्या पेशी. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात, कारण एएमएल हा एक रोग नाही आणि ‘वाचलेली पेशी’ कोणत्या दिवशी पाहिली यावर चित्र बदलते. सूत्रात म्हणून मी झोपेचा उल्लेख केला नाही. मज्जेची साथ निर्विवाद आहे. तिचे स्वरूप एकच नाही.

सूत्र ७ : रक्तातून दिलेले औषध सगळीकडे पोचत नाही.

मेंदू, मज्जारज्जू आणि वृषण. १९६०च्या दशकात मज्जा स्वच्छ झालेली मुले मेंदूच्या आवरणातल्या ल्युकेमियाने दगावत होती. तिथल्या पेशी रोधक नव्हत्या, औषधच तिथे नव्हते. डोनाल्ड पिंकेल यांनी सेंट ज्यूडमध्ये पाठीतून मेथोट्रेक्सेट आणि डोक्याला किरणोपचार आधीपासूनच द्यायला सुरुवात केली आणि जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. पुढे बहुतेक मुलांसाठी किरणोपचार सोडता आले, पाठीतली इंजेक्शने राहिली.

सूत्र ८ : लक्ष्य जितके नेमके, तितकी सुटकेची वाटही नेमकी.

फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या एएलएलमध्ये इमॅटिनिब त्या गुणसूत्रामुळे बनणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनाच्या एका खोबणीत बसते. ३१५व्या जागेवरचे थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आले की ते बसत नाही. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने २००१मध्ये हा बदल शोधला. त्या खोबणीतही बसणारे पोनाटिनिब अमेरिकेत मंजूर व्हायला २०१२ उजाडले. एएमएलमध्ये बिघडलेले एफएलटी३ प्रथिन अडवणाऱ्या औषधांत तोच क्रम दिसतो. फरक एवढाच, की त्यांतल्या गिल्टेरिटिनिबमधून सुटताना एएमएल पुष्कळदा लक्ष्य न बदलता आरएएस या दुसऱ्या प्रथिनाच्या मार्गाने आडवळणाने जाते.

सीएआर-टी पेशी, म्हणजे कर्करोग ओळखण्यासाठी बदललेल्या टी-पेशी, केमो नाहीत, पण सूत्र त्यांनाही लागू आहे. त्या बी-पेशींवरचे सीडी१९ ओळखतात. रोग उलटतो तेव्हा काही रुग्णांत ते सीडी१९च दिसेनासे झालेले असते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. परदेशी उपचारांच्या कित्येक पट कमी खर्चात हे इथे होऊ लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हे उपचार वापरणाऱ्या प्रत्येक केंद्राने उलटलेल्या रोगात सीडी१९ उरले आहे का, हे तपासणे अगत्याचे आहे.

सूत्र ९ : न पोचलेल्या औषधाचा दोष पेशीला देऊ नये.

एएलएलच्या उपचारात शेवटची साधारण दोन वर्षे मुलाला घरी रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घ्यायची असते. अमेरिकेत स्मिता भाटिया यांच्या गटाने गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात ती केव्हा उघडली हे नोंदवणारी चिप बसवली. ज्या मुलांनी ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट निघाला. २० गोळ्यांमागे एक चुकली तरी माणूस या रेषेवर येतो. अशा मुलाचा रोग उलटला तर फाइलवर ‘रोधक ल्युकेमिया’ लिहिले जाते.

अस्पॅराजिनेजविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. कधी अंगावर पित्त उठते आणि ते कळते. कधी काहीच दिसत नाही आणि इंजेक्शन मात्र वाया जाते. औषधाची रक्तातली क्रिया मोजल्याशिवाय हे उमगत नाही. मर्कॅप्टोप्युरिनचा डोस उलट बाजूनेही चुकतो. एनयूडीटी१५ जनुकाचे काही प्रकार पूर्व आणि दक्षिण आशियातल्या लोकांत तुलनेने अधिक आढळतात. ते असलेल्या मुलाचे काउंट नेहमीच्या डोसने कोसळतात, गोळ्या वारंवार थांबवाव्या लागतात, उपचारात खंड पडतो. जनुक आधी तपासून डोस सुरुवातीलाच कमी ठेवला तर तो खंड टळतो.

भारतात १९८०च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची अड्यार कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसोबत एमसीपी-८४१ ही एकच उपचारपद्धती राबवली. निकाल सुधारले. सोबत हेही दिसले, की अपयशात उलटलेल्या रोगाइतकेच गांभीर्याने घ्यावे असे दुसरे कारण आहे : उपचारादरम्यान जंतुसंसर्गाने आणि विषबाधेने झालेले मृत्यू. उपचार अर्धवट सोडून गावी परतलेल्या कुटुंबांचा प्रश्न त्याच्या शेजारीच उभा असतो. रोधाचा विचार या दोन्ही गोष्टी वगळून केला तर जीवशास्त्रावर नको ते ओझे पडते आणि जे आज बदलता येईल ते तसेच राहते.

सूत्र १० : सुटकेची पेशीला किंमत मोजावी लागते.

मर्कॅप्टोप्युरिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचे, १९५३पासून वापरात. ते पेशीत न्यूक्लिओटाइड बनून काम करते. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या दोन गटांनी, अडोल्फो फेरांडो आणि विल्यम कॅरोल यांच्या, एकाच वेळी दाखवले की उलटलेल्या एएलएलमध्ये एनटी५सी२ या जनुकाची उत्परिवर्तने आढळतात, टी-एएलएलमध्ये सुमारे पाचात एका रुग्णात. हा विकर न्यूक्लिओटाइडचा फॉस्फेट काढतो. उत्परिवर्तनाने तो अतिउत्साही होतो, औषधाची धार काढून टाकतो आणि पेशी वाचते.

निदानाच्या नमुन्यात मात्र हे उत्परिवर्तन क्वचितच सापडते. दुसऱ्या सूत्राप्रमाणे ते आधीपासून असेल तर इतके दुर्मीळ का? फेरांडो यांच्या गटाने २०१८मध्ये उंदरांत उत्तर शोधले. अतिउत्साही विकर औषधासोबत पेशीचे स्वतःचे प्युरिनही मोडत राहतो आणि ते बाहेर गळते. औषध नसताना अशी पेशी साध्या ल्युकेमिया पेशीपेक्षा हळू वाढते, नव्या उंदरात रोग रुजवण्याची तिची ताकदही कमी भरते. मर्कॅप्टोप्युरिन सुरू असेल तेव्हाच तिला संधी मिळते. शिवाय प्युरिनच्या तुटवड्यामुळे ती ग्वानिन बनवणाऱ्या आयएमपीडीएच विकरावर अधिक विसंबते. तो विकर अडवणारे मिझोरिबिन दिले तर रोधक पेशीच आधी मरतात. मिझोरिबिन जपानमध्ये प्रत्यारोपणानंतरचे औषध म्हणून आधीपासून वापरात आहे.

हे उंदरांतले आणि बशीतले निष्कर्ष आहेत. मुलांच्या उपचारपत्रिकेत ते उतरलेले नाहीत. पण यातून रोग उलटल्यावर विचारायचा प्रश्न बदलतो. रोग उलटला की बहुतेक ठिकाणी अधिक कडक केमो, जमल्यास प्रत्यारोपण किंवा नवी प्रतिकारोपचाराची औषधे, असा क्रम धरतात. पेशी कोणत्या वाटेने सुटली हे दर वेळी पाहिले जात नाही. एनटी५सी२ बदललेल्या पेशीला मर्कॅप्टोप्युरिन पुन्हा देणे व्यर्थ आहे, टीपी५३ गेलेल्या पेशीवर डीएनए तोडणाऱ्या औषधांचा डोस चढवणे बहुधा व्यर्थ आहे, आणि नुसत्या चुकलेल्या गोळ्यांमुळे उलटलेल्या रोगात तेच मर्कॅप्टोप्युरिन अजून उपयोगी असू शकते. हे तीन रुग्ण आज अनेकदा एकाच रांगेत उभे असतात. त्यांना वेगळे ओळखायला उलटलेल्या रोगाच्या मज्जेचे जनुकवाचन, अस्पॅराजिनेजची क्रियामापने आणि गोळ्यांची खरी नोंद लागते. निदानाच्या दिवशीचा अहवाल त्यासाठी पुरत नाही, कारण त्या दिवशी ही सुटलेली पेशी असलीच तर लाखांत एक होती.